कुंडीतल्या झाडांवर दर उन्हाळ्यात पडणारा केवडा : कारण आणि उपाय

सांगली, मिरज, तासगाव या भागात गच्चीवर किंवा परसात बाग करणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी साधारण त्याच सुमारास कानावर येते. पावसाळाभर हिरवीगार राहिलेली जास्वंद, मोगरा, अनंत, गुलाब आणि कुंडीतले लिंबू ही झाडे दिवाळीनंतर हळूहळू फिकट पडू लागतात. माघ-फाल्गुनात फुटणारी नवी पालवी तर पिवळीच निघते आणि काही झाडांवर ती पांढरट होऊन कडेने करपते. शेणखत घातले, मिश्रखत दिले, फवारणी केली, तरी फरक फार दिवस टिकत नाही. माती बदलली तर एखादे वर्ष बरे जाते आणि पुढे पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. पाने अशी पिवळी-पांढरी पडण्यालाच केवडा म्हणतात, आणि बहुतेक वेळा ही लोहाची कमतरता असते. मातीत लोह भरपूर असते, पण ते झाडाला घेता येत नाही अशा रूपात अडकून पडलेले असते, आणि ते अडकवून ठेवण्याचे काम आपण रोज घालत असलेले पाणी करते. माझे ठाम मत असे आहे की पाण्याचा विचार आधी केला नाही तर बाकीचे सगळे उपाय वाया जातात. म्हणून पुढचे विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

आधी पान नीट पाहावे

पिवळेपणा कोणत्या पानांवर आणि कसा आहे, हे सकाळच्या स्वच्छ उजेडात पाहावे. जास्वंदीच्या शेंड्याकडचे, नुकतेच पूर्ण उघडलेले पान उजेडासमोर धरले तर मधली शीर हिरवी, तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा हिरव्या, त्यांच्यापासून निघालेल्या अगदी बारीक शिराही हिरव्या, आणि या जाळीच्या मधला सगळा भाग फिकट पिवळा असे दिसते. त्याच फांदीवर खाली उतरत गेले की पाने अधिकाधिक हिरवी होत जातात आणि बुंध्याजवळची जुनी पाने बहुधा निरोगी असतात. लोह एकदा पानात गेले की तिथून सहसा हलत नाही, त्यामुळे जुन्या पानांकडचे लोह नव्या पालवीच्या उपयोगी पडत नाही आणि तुटवड्याचा फटका शेंड्याला आधी बसतो.

नत्राच्या बाबतीत याच्या उलट घडते. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, त्यामुळे खालची पाने आधी पिवळी पडतात आणि ती शिरांसकट एकसारखी पिवळी होतात. मॅग्नेशियमची कमतरताही जुन्या पानांवरच दिसते. लिंबाच्या पानावर अशा वेळी देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो आणि बाकीचे पान पिवळे होते. लिंबाची नवी पाने पिवळ्या ठिपक्यांबरोबर लहान, अरुंद आणि शेंड्याला झुपक्याने आलेली असतील, तर लोहाच्या जोडीला जस्तही कमी पडले आहे असे समजावे, कारण चुनखडीत जस्तही असेच अडकते. लाल कोळीमुळे आलेला पिवळेपणा बारीक टिपक्यांचा असतो आणि पानाच्या मागे हात फिरवला तर जाळी व धुळकट कीड बोटाला लागते. भेंडीच्या विषाणूजन्य केवड्यात शिराच आधी पिवळ्या होतात आणि तो पांढऱ्या माशीने पसरतो. त्यावर येथे सांगितलेल्या कोणत्याही उपायाचा उपयोग नाही, ते झाड उपटून टाकावे हेच बरे.

एवढे पाहूनही शंका राहिली तर एक सोपी चाचणी करता येते, आणि ती प्रत्येकाने एकदा तरी करावी अशी माझी मनापासून शिफारस आहे. एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे कृषी सेवा केंद्रात मिळणारे हिराकस, आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, विरघळवावे आणि त्यात दोन थेंब भांड्यांचा द्रव साबण टाकावा. मग कापसाच्या बोळ्याने किंवा रंगाच्या ब्रशने एका पिवळ्या पानाचा मधल्या शिरेच्या एकाच बाजूचा अर्धा भाग वरून आणि खालून पुसून घ्यावा, दुसरा अर्धा भाग तसाच ठेवावा आणि देठाला दोरा बांधून खूण करावी. कमतरता लोहाची असेल तर आठ-दहा दिवसांत पुसलेल्या अर्ध्या भागावर, जिथे जिथे द्रावण टिकले तिथे, हिरवे ठिपके उमटतात आणि ते पसरत जातात. न पुसलेला अर्धा भाग पिवळाच राहतो. दोन्ही अर्धे सारखेच पिवळे राहिले तर कारण दुसरे आहे आणि पुढचा खर्च करण्याची गरज नाही.

पाण्याचा हिशेब

आपल्याकडच्या काळ्या जमिनी बसॉल्ट खडकापासून तयार झालेल्या आहेत. त्या खडकात लोह मुबलक आहे, म्हणून मातीतही ते मुबलक असते. मात्र या जमिनींत चुनखडीही बरीच असते. शेतात नांगरट झाल्यावर वर येणारे पांढरे खडे सगळ्यांनी पाहिलेले आहेत. चुनखडीमुळे मातीचा सामू, म्हणजेच पीएच, ८ च्या आसपास किंवा त्याहून वर राहतो आणि अशा मातीत लोह न विरघळणाऱ्या रूपात बसून राहते. सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपट घटते, त्यामुळे ६.५ आणि ८ या दोन आकड्यांतला फरक कागदावर लहान दिसला तरी मुळांच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. वाळवा-पलूसकडच्या ऊस शेतकऱ्यांना हे नवीन नाही. चुनखडीच्या पट्ट्यात ऊस पिवळा-पांढरा पडतो त्याला ते केवडाच म्हणतात, आणि तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना माती, पाणी आणि पानदेठ परीक्षणाशिवाय हंगाम सुरू करणे पटत नाही. घरच्या बागेत मात्र आपण मातीचा आणि खताचा विचार करतो आणि पाण्याचा विचार सोडून देतो.

कुंडीत तर काळी माती नसतानाही हाच त्रास होतो, आणि तो का होतो हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते आणि त्यावरून पाण्याची क्षारता मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत क्षारता स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे पिण्यास चालणारे पाणी कुंडीला चालेलच असे नाही. समजा पाण्याची क्षारता ३०० आहे, आणि मोठ्या कुंडीला ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत रोज २ लिटर पाणी दिले जाते. एकूण ४८० लिटर पाणी झाले, आणि त्याबरोबर कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुन्याच्या, हिशेबात जवळजवळ १४४ ग्रॅम क्षारता कुंडीत गेली. कुंडीत १२ किलो माती असेल तर हे प्रमाण एका वर्षात १ टक्क्याहून अधिक होते. पाणी पानांतून आणि पृष्ठभागावरून उडून जाते आणि चुना मागे राहतो. नर्सरीतून आणलेली, मुळात आम्लधर्मी असलेली लाल मातीसुद्धा अशा रीतीने दोन-तीन उन्हाळ्यांत चुनखडीची होते. माती बदलली की वर्षभर बरे वाटते आणि मग पुन्हा केवडा पडतो, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. पावसाळ्यात झाडे हिरवी होतात तीही याच कारणाने, कारण पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट नगण्य असते आणि साचलेले क्षार खालच्या छिद्रांतून धुऊन जातात.

आपले पाणी कसे आहे हे घरातच बऱ्यापैकी कळते. बादलीच्या कडेवर आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो का, साबणाला फेस कमी येतो का, कुंडीच्या काठावर आणि मातीच्या पृष्ठभागावर पांढरी खपली धरते का, हे पाहावे. ती खपली खरवडून बशीत घ्यावी आणि वर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे उठले तर तो चुना आहे. कुंडीतली वाळलेली माती चमचाभर घेऊन तिच्यावरही हीच परीक्षा करावी आणि भांडे कानाजवळ नेऊन ऐकावे, कारण चुना थोडा असेल तर बुडबुडे दिसत नाहीत पण बारीक चुरचुर ऐकू येते. टीडीएस मीटरवर विसंबून राहू नये. त्यावरून एकूण क्षार कळतात, बायकार्बोनेट किती हे कळत नाही. नेमका आकडा हवा असेल तर मृद चाचणी प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना देऊन सामू, विद्युत वाहकता आणि कार्बोनेट-बायकार्बोनेट तपासून घ्यावे.

ज्या उपायांनी त्रास वाढतो

झाड पिवळे दिसले की हाताशी असलेले घरगुती उपाय केले जातात आणि त्यांपैकी कित्येक या विशिष्ट दुखण्यात अपाय करतात. अंड्यांची टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे ज्याने त्रास होतो तेच आपण वर घालतो. चुलीची राख सामू वाढवते. हाडांचा चुरा आणि डीएपी यांतून स्फुरद जास्त झाले की लोहाचे शोषण आणखी अडते. गंजके खिळे पुरण्याची पद्धत फार जुनी आहे, परंतु गंज म्हणजे फेरिक ऑक्साइड आणि ८ सामूच्या मातीत तो गंजच राहतो; त्या मातीत तसेही लोह कमी नव्हते. एप्सम सॉल्टने मॅग्नेशियम मिळते, लोह मिळत नाही. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या, जमिनीसाठी उत्तम आहे, पण चुनखडीच्या मातीचा सामू त्याने खाली येत नाही.

गंधकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याची शिफारस सर्रास होते आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. गंधकाचे मातीतल्या जिवाणूंमुळे हळूहळू आम्ल होते आणि १ ग्रॅम गंधक सुमारे ३ ग्रॅम चुना संपवते. परंतु १० किलो मातीत ८ टक्के चुनखडी असेल तर तो चुना ८०० ग्रॅम झाला, आणि तो संपवायला पाव किलोहून अधिक गंधक लागेल. एवढे गंधक एका कुंडीत घालणे झाडाला परवडणारे नाही. लाल मातीत नुकतीच चुन्याची सुरुवात झाली असेल तर चमचाभर गंधक उपयोगी पडते. काळ्या चुनखडीच्या मातीत मात्र माती बदलणेच शहाणपणाचे आहे.

पाण्याच्या दोन स्रोतांपासून विशेष सावध राहावे. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये या चांगल्या हेतूने अनेक घरांत ते कुंड्यांना घालतात; पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात, त्यामुळे ते फरशी पुसायला वापरावे. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्यातला कॅल्शियम जाऊन त्या जागी सोडियम आलेला असतो आणि बायकार्बोनेट तसेच राहते, म्हणून तेही झाडांना नको.

पाणी, माती, लोह

पाण्याचा सर्वांत चांगला पर्याय पावसाचे पाणी हा आहे. शंभर चौरस फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९० लिटर पाणी मिळते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे झाकणाच्या टाकीत साठवावे आणि तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधावी, कारण डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतात. सगळ्या बागेला ते पुरणार नाही. अनंत, मोगरा आणि लिंबू यांच्यासाठी राखून ठेवले तरी पुष्कळ झाले. एअर कंडिशनरमधून ठिबकणारे पाणी जवळपास क्षारविरहित असते, तेही बादलीत धरावे. ज्यांच्याकडे नळाला कृष्णेचे पाणी येते त्यांनी बोअरऐवजी तेच कुंड्यांसाठी वापरावे.

बोअरशिवाय गत्यंतर नसेल तर पाणी किंचित आम्ल करून द्यावे. क्षारता ३०० च्या आसपास असलेल्या पाण्याच्या १० लिटरच्या बादलीत साधारण ३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून ढवळावे, थोडा वेळ थांबून सामू पट्टी बुडवावी आणि आकडा ६ ते ६.५ च्या दरम्यान येईल असे प्रमाण आपल्या पाण्यासाठी एकदा ठरवून घ्यावे. पट्टीशिवाय अंदाजाने आम्ल वाढवत जाऊ नये. रोज हे शक्य नसेल तर निदान ज्या झाडांची पाने पिवळी पडतात त्यांना तरी एकाआड एक पाणी असे द्यावे. त्याचबरोबर कुंडीखालची ताटली काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा छिद्रातून भरपूर पाणी बाहेर पडेपर्यंत कुंडी धुऊन काढावी.

माती बदलण्याची वेळ मृगाचा पाऊस स्थिरावल्यावरची. मे महिन्यात वळीव पडला म्हणून घाई करू नये; सांगलीचे ऊन मुळे उघडी पडलेल्या झाडाला सोसत नाही. लाल माती ३ भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट २ भाग, धुतलेले कोकोपीट २ भाग आणि भाताचे तूस १ भाग असे मिश्रण आपल्या हवेत चांगले चालते. भरण्यापूर्वी प्रत्येक घटकावर व्हिनेगरची परीक्षा करावी. विशेषतः बांधकामावरची वाळू तपासावी, कारण तिच्यात सिमेंट मिसळलेले असू शकते, आणि कुंडीच्या तळाशी घालण्यासाठी राडारोडा वापरू नये, त्याऐवजी खापऱ्यांचे तुकडे घ्यावेत. नव्या सिमेंटच्या कुंडीतूनही चुना सुटतो. ती आठवडाभर पाणी बदलत भिजवून मगच वापरावी. जुन्या मुळांभोवतीची सगळी माती झटकण्याचा आग्रह धरू नये, बाहेरचा तिसरा हिस्सा हलक्या हाताने काढला तरी पुरते. महाबळेश्वरकडच्या जांभ्या खडकाची माती कोणी आणून दिली तर ती या झाडांना फार मानवते, पण ती आणण्यासाठी डोंगर खणू नये एवढी माझी विनंती आहे.

लोह देण्याचा विचार यानंतर करावा. पानांवरची फवारणी तातडीचा उपाय म्हणून चांगली. वर चाचणीसाठी सांगितलेलेच द्रावण ताजे करून, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारावे आणि आधी एका फांदीवर करून कोवळी पाने करपत नाहीत याची खात्री करावी. हिराकसाचे स्फटिक फिकट हिरवे असावेत. त्यांच्यावर तपकिरी भुकटी आली असेल किंवा केलेले द्रावण गंजकट झाले असेल तर ते टाकून द्यावे. फवारणीने आज असलेली पानेच हिरवी होतात, पुढची पालवी पुन्हा पिवळी येते, कारण लोह नव्या पानांकडे जात नाही. हिराकस मातीत थेट टाकण्यात अर्थ नाही, चुनखडीत ते काही दिवसांत अडकते; शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून आठ-दहा दिवस मुरवून दिले तर मात्र बरेचसे उपयोगी पडते, आणि ऊस शेतकरी तसेच देतात.

मातीतून द्यायचे तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या संयुगाने धरून ठेवलेले लोह, घ्यावे, पण पुडीवरचे नाव वाचून घ्यावे. ईडीटीए प्रकारचे चिलेट स्वस्त असते, परंतु सामू ६.५ च्या वर गेला की ते लोह सोडून देते, त्यामुळे आपल्या मातीत त्याचा उपयोग फवारणीपुरता आहे. डीटीपीए ७ ते ७.५ पर्यंत टिकते. ईडीडीएचए ९ पर्यंत टिकते आणि चुनखडीसाठी तेच योग्य आहे. त्यात लोह ६ टक्क्यांच्या आसपास असते, दाणे काळसर लाल असतात आणि पाण्यात गडद लाल रंग उतरतो. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम विरघळवून बारा इंची कुंडीला संध्याकाळी, आधी माती ओली करून द्यावे आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, कारण उन्हात हे चिलेट नष्ट होते. पालवी फुटण्याच्या सुमारास, म्हणजे जानेवारीअखेरीस एकदा आणि महिन्याने पुन्हा दिले की सहसा पुरते. फरशीवर सांडले तर लगेच धुवावे, डाग जात नाहीत.

काही वेगळी प्रकरणे

झाड पावसाळ्यातच पिवळे पडत असेल आणि लक्षणे लोहाचीच असतील तर निचरा तपासावा. जड काळी माती सतत ओली राहिली की मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, चुनखडीशी मिळून तिथल्या तिथेच बायकार्बोनेट तयार होते आणि पाऊस पडत असतानाही केवडा दिसतो. तिथे लोह देण्याआधी कुंडीची छिद्रे मोकळी करावीत आणि ती विटांवर उचलून ठेवावी.

परसातल्या जमिनीत लावलेल्या लिंबाची माती बदलता येत नाही. त्याच्या आळ्यात, खोडापासून हातभर अंतरावर, चार ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांत हिराकस मुरवलेले शेणखत भरावे, पाणी तुंबू देऊ नये आणि जस्ताची लक्षणे असतील तर झिंक सल्फेटची वेगळी फवारणी करावी. इतके करूनही झाड दरवर्षी पांढरे पडत असेल तर त्या जागी बोगनवेल किंवा कण्हेर लावावी. ही झाडे चुनखडी सहज सोसतात, आणि लिंबाचे नवे रोप मोठ्या पिंपात लाल मातीत वाढवावे.